विश्लेषण : दहापैकी नऊ जण तोट्यात... मग शेअर ट्रेडिंगमधून हाती काय लागते?

देशातील डिमॅट खात्यांच्या संख्येने २०२५ मध्ये २० कोटींचा टप्पा ओलांडला. नोंदणीकृत गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. मात्र रोज सौदे करणाऱ्या बहुतेक सामान्य गुंतवणूकदारांच्या हाती वर्षअखेरीस नफा उरत नाही, हे ‘सेबी’ने वेळोवेळी आकडेवारीसह दाखवून दिले आहे. ‘पैसे गेले, पण शिकायला मिळाले’ असे यातले अनेक जण सांगतात. हे शिकणे नेमके कोणते? बाजाराबाहेर ते उपयोगी पडते का? आणि त्यासाठी किती फी मोजावी?

आकडे काय सांगतात?

वायदे व्यवहारांबाबत, म्हणजेच एफ अँड ओबाबत, ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तोट्यातल्या प्रत्येकाचे खर्चासह सरासरी सुमारे दोन लाख रुपये बुडाले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर गेला. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक नफा कमावणारे जेमतेम एक टक्का होते. जुलै २०२५ मधील पुढच्या अभ्यासातही चित्र फारसे बदलले नाही. २०२४-२५ मध्ये ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला.

इंट्राडे, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी विकण्याचा प्रकार, तुलनेने सौम्य समजला जातो. पण २०२२-२३ च्या आकडेवारीनुसार तिथेही दहापैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्के होते. म्हणजे सराव वाढला की हात बसतो, हा इतर अनेक कामांतला अनुभव इथे लागू पडला नाही.

त्यामुळे ‘ट्रेडिंगमधून काय शिकायला मिळते’ हा प्रश्न नफा कमावणाऱ्यांपेक्षा न कमावणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. फी सगळ्यांनीच भरलेली आहे. तिच्या बदल्यात काय पदरात पडले, एवढेच पाहायचे उरते.

धडा पहिला : तोटा भरून काढणे दुप्पट कठीण का?

एक लाखाचे भांडवल १० टक्क्यांनी घटले तर ९० हजार उरतात. पुन्हा एक लाखावर येण्यासाठी ११ टक्के नफा पुरतो. भांडवल २० टक्क्यांनी घटले तर २५ टक्के नफा लागतो. ५० टक्क्यांनी घटले तर मात्र उरलेल्या ५० हजारांवर १०० टक्के नफा मिळवावा लागतो. खड्डा जितका खोल, तितकी वर येण्याची चढण उभी होत जाते.

म्हणूनच अनुभवी ट्रेडर ‘या सौद्यात किती मिळेल’ याआधी ‘चुकलो तर किती जाईल’ हे ठरवतो. समजा, एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त गमवायचे नाही, असा नियम आहे. लागोपाठ दहा सौदे चुकले तरी सुमारे ९० टक्के भांडवल शिल्लक राहते. तेच प्रत्येक सौद्यात दहा टक्के पणाला लावले, तर दहा चुकांनंतर जेमतेम ३५ टक्के उरतात. दोघांचे अंदाज सारखेच चुकले. एक जण खेळात टिकला, दुसरा जवळजवळ बाहेर गेला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे घरोघरी सांगितले जाते. ट्रेडिंगमध्ये त्या अंथरुणाचे माप आकड्यांत काढावे लागते. नव्या धंद्यात किती बचत घालायची, एकाच पिकावर सगळे शेत लावायचे का, घराच्या हप्त्याचा बोजा पगाराच्या किती टक्के असावा, या प्रश्नांनाही हेच माप लागते.

धडा दुसरा : ‘दहापैकी नऊ वेळा बरोबर’ म्हणजे यश का नव्हे?

शाळेत ९० टक्के गुण म्हणजे हुशार. बाजार मात्र गुण वेगळ्या पद्धतीने देतो. एखाद्याने दहा सौदे केले. नऊ सौद्यांत प्रत्येकी ५०० रुपये मिळाले, म्हणजे ४,५०० रुपये. दहाव्या सौद्यात स्टॉप लॉस लावला नाही आणि ६,००० रुपये गेले. हा माणूस ९० टक्के वेळा बरोबर होता आणि तरीही १,५०० रुपयांनी तोट्यात आहे.

दुसऱ्याचे दहापैकी फक्त चार सौदे बरोबर आले. त्याने बरोबर असताना २,००० मिळवले आणि चूक असताना १,००० वर थांबला. चार सौद्यांचे ८,००० आले, सहा सौद्यांचे ६,००० गेले. खर्च धरण्याआधी तो २,००० रुपयांनी पुढे आहे.

किती वेळा बरोबर आलो यापेक्षा बरोबर असताना किती मिळाले आणि चूक असताना किती गेले, हे महत्त्वाचे. ऑप्शन विकून दर आठवड्याला थोडे थोडे पैसे कमावणारे अनेक जण एखाद्याच वादळी दिवशी कित्येक महिन्यांची कमाई का गमावतात, याचे उत्तरही या गणितात आहे. विमा हप्ता ‘फुकट गेला’ असे म्हणणाऱ्यांनीही हाच हिशेब करून पाहावा. वर्षानुवर्षे हप्ता वाया गेल्यासारखा वाटतो, कारण ज्या एका घटनेसाठी तो भरलेला असतो ती घडलेली नसते.

धडा तिसरा : तोट्यातला शेअर हातातून का सुटत नाही?

पोर्टफोलिओत दोन शेअर आहेत. एक २० टक्के वर, दुसरा २० टक्के खाली. घरी पैशांची गरज लागली. आधी कोणता विकाल? बहुतेक जण नफ्यातला विकतात. ‘नफा तरी पदरात पडला’ हे समाधान असते आणि तोट्यातला विकला की चूक कबूल केल्यासारखे होते.

या वागण्याला अर्थशास्त्रात ‘डिस्पोझिशन इफेक्ट’ म्हणतात. हर्ष शेफ्रिन आणि मेअर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये त्याची मांडणी केली. अमेरिकी अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी पुढे एका ब्रोकरकडील १० हजार खात्यांचे व्यवहार तपासले. त्यांचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतवणूकदार तोट्यातल्यापेक्षा नफ्यातले शेअर अधिक पटकन विकत होते. शिवाय विकून टाकलेले नफ्यातले शेअर, जपून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा पुढच्या वर्षभरात सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले.

त्यामागचे कारण डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच सांगितले होते. हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार रुपये गेल्याचे दुःख यांचे वजन सारखे नसते. जाण्याचे दुःख बरेच जड असते. ते टाळण्यासाठी माणूस आणखी मोठा धोका पत्करतो.

आपल्याकडे याचे रूप म्हणजे ‘अ‍ॅव्हरेज करणे’. भाव पडला, आणखी घ्या. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. तो २०० वर आला तेव्हा ‘निम्म्या भावात मिळतोय’ असे अनेकांना वाटले. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि भाव २० रुपयांच्याही खाली गेला. दोनशेला घेणाऱ्याचेही ९० टक्क्यांहून अधिक पैसे गेले. शेअर निम्मा झाला म्हणून स्वस्त होत नाही. बाजाराला तुमचा खरेदीभाव ठाऊक नसतो.

यावर अनुभवी मंडळी स्वतःला एक साधा प्रश्न विचारतात : हा शेअर आज माझ्याकडे नसता, तर आजच्या भावात मी तो घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो ठेवण्याचे कारण फक्त जुना खरेदीभाव आहे. हा प्रश्न बाजाराबाहेरही चालतो. न चालणारे दुकान, मन न लागणारा कोर्स, वर्षानुवर्षे दुरुस्ती मागणारी गाडी या सगळ्यांत ‘आतापर्यंत इतके घातले’ हेच पुढे घालत राहण्याचे कारण झालेले असते.

धडा चौथा : काहीच न करणे हाही निर्णय असतो का?

ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील अमेरिकेतील ६६,४६५ कुटुंबांची खाती तपासली. त्या काळात बाजाराचा वार्षिक परतावा १७.९ टक्के होता. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्या कुटुंबांना मात्र ११.४ टक्केच मिळाले. वारंवार सौदे करण्याचा खर्च त्यांना भोवला. या खर्चापलीकडे अभ्यासकांनी आणखी एका गोष्टीवर बोट ठेवले, ती म्हणजे अतिआत्मविश्वास.

भारतातही हा खर्च लहान नाही. ब्रोकरेज, बाजाराचे शुल्क, एसटीटी, मुद्रांक शुल्क, जीएसटी असे प्रत्येक सौद्यामागे थोडे थोडे कापले जाते. ‘सेबी’च्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये एफ अँड ओ करणाऱ्या प्रत्येकाने सरासरी सुमारे २६ हजार रुपये केवळ व्यवहारखर्चापोटी भरले. नफा होवो वा तोटा, हे पैसे जातातच.

अ‍ॅपवर बोट टेकवले की सौदा होतो, त्यामुळे ‘काहीतरी केले पाहिजे’ ही खुमखुमी वाढते. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत आपल्या नियमात बसणारा एकही सौदा दिसला नाही, तर अ‍ॅप बंद करून कामाला लागणे हे ट्रेडिंगमधील कठीण कौशल्य आहे. रागाच्या भरात ई-मेल न पाठवणे किंवा ‘आजच शेवटचा दिवस’ अशा सेलमध्ये खरेदी न करणे, हे त्याच कौशल्याचे घरगुती प्रकार आहेत.

धडा पाचवा : समोर कोण बसले आहे?

तुम्ही घेता तेव्हा कुणीतरी विकत असतो. तो कोण? एफ अँड ओमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार आहे, कारण तिथे एकाचा नफा हा दुसऱ्याचा तोटा असतो. २०२३-२४ मध्ये वैयक्तिक ट्रेडरनी व्यवहारखर्च धरण्याआधीच सुमारे ६१ हजार कोटी रुपये गमावले. त्याच वर्षी स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या ब्रोकर कंपन्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये कमावले. त्यांच्या नफ्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग संगणकीय अल्गोरिदममधून आला होता. लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर सौदा करणाऱ्याची गाठ अशा यंत्रणेशी असते.

‘मला असे काय माहीत आहे, जे समोरच्याला माहीत नाही?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की टेलिग्रामवरच्या टिप्सचे आकर्षण आपोआप कमी होते. महिन्याला हमखास दहा टक्के देणारी युक्ती खरोखरच कुणाकडे असेल, तर तो ती अनोळखी माणसाला ९९९ रुपयांत का विकेल? खात्रीशीर परताव्याचे आश्वासन देणे ‘सेबी’च्या नियमांत बसत नाही. सल्ला देणारा नोंदणीकृत आहे का, हे ‘सेबी’च्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येते. ही शंका घेण्याची सवय जमिनीच्या व्यवहारात आणि ‘घरबसल्या कमवा’ छापाच्या जाहिरातींतही पैसे वाचवते.

धडा सहावा : निकाल चांगला म्हणजे निर्णय चांगला का?

लोकसभा निवडणुकीच्या निकालाचा आठवडा याचे ठळक उदाहरण आहे. मतदानोत्तर चाचण्यांनंतर ३ जून २०२४ रोजी सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वाढून ७६,४६९ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी निकाल वेगळा लागला आणि तो ४,३९० अंकांनी कोसळून ७२,०७९ वर आला. त्यानंतरच्या तीन सत्रांत पडझड भरून निघाली आणि ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला.

बाजार वाढेल, हा दोघांचा अंदाज होता असे समजू. एकाने स्वतःच्या पैशाने शेअर घेतले होते. त्याला मंगळवार वाईट गेला, पण शुक्रवारपर्यंत तो सावरला. दुसऱ्याने मार्जिनवर वायद्याचा मोठा सौदा घेतला होता. त्याच्यासमोर मंगळवारीच दोन पर्याय होते : आणखी पैसे भरा किंवा बाहेर पडा. त्याचा अंदाज शुक्रवारी बरोबर ठरला, तेव्हा तो सौद्यात नव्हताच. दिशा ओळखण्यासोबत तोवर टिकून राहण्याची सोय असावी लागते.

याची उलट बाजूही आहे. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक पडून २५,९८१ वर आला. २१ जानेवारी २०२१ रोजी त्याने ५० हजारांना स्पर्श केला. त्या दहा महिन्यांत बाजारात उतरलेल्या अनेकांना काहीही घेतले तरी नफा झाला. ती हुशारी होती की भरतीच्या पाण्याने सगळ्याच होड्या वर गेल्या होत्या? हा प्रश्न ज्यांनी विचारला नाही, त्यांना उत्तर पुढच्या ओहोटीत मिळाले.

हा फरक शेतकऱ्याला नवा नाही. कांदा आज लासलगावला न्यायचा की चाळीत ठेवायचा, हे ठरवताना पुढच्या महिन्याचा भाव कुणालाच ठाऊक नसतो. म्हणून काही जण थोडा आज विकतात, थोडा राखून ठेवतात. पुढे भाव वाढला तर ‘सगळाच ठेवायला हवा होता’ असे वाटते, पडला तर ‘सगळाच विकायला हवा होता’ असे वाटते. पण ज्या दिवशी निर्णय घेतला, त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर तो शहाणपणाचाच होता.

हे धडे आपोआप मिळतात का?

नाही. ‘सेबी’च्या २०२४ च्या अहवालातील सर्वांत बोलका आकडा बहुधा हाच आहे : तोट्यात गेलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक जणांनी एफ अँड ओ सुरूच ठेवले. ठेच लागली, पण रस्ता बदलला नाही.

याचे एक कारण बाजाराच्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे. गरम तव्याला हात लावला की चटका लगेच बसतो आणि प्रत्येक वेळी बसतो. बाजारात चुकीच्या निर्णयालाही कधी कधी बक्षीस मिळते आणि योग्य निर्णयालाही फटका बसतो. शिवाय स्मरणशक्ती सोयीची असते. जिंकलेले सौदे लक्षात राहतात, हरलेल्यांसाठी कुणीतरी दोषी सापडतो.

यावरचा उपाय जुनाच आहे : वही. सौदा करण्याआधी चार गोष्टी लिहायच्या.

• हा सौदा मी का करतो आहे?
• कोणत्या भावाला मी चूक ठरेन आणि बाहेर पडेन?
• चुकलो तर किती रुपये जातील?
• आत्ता मनःस्थिती कशी आहे? मागचा तोटा भरून काढायची घाई तर नाही ना?

सौदा संपल्यावर पाचवी ओळ : नियम पाळला का? नफा झाला की तोटा, हे ब्रोकरच्या अहवालात असतेच. नियम पाळला का, हे मात्र फक्त वहीत सापडते. तीस-चाळीस सौद्यांनंतर ती वाचली, तर आपण नेमके कुठे घसरतो हे दिसू लागते. कुणाचा तोटा सोमवारी सकाळच्या घाईत असतो, कुणाचा मोठ्या नफ्यानंतरच्या दुसऱ्या सौद्यात.

फी किती मोजावी?

हे सगळे शिकण्यासाठी मोठी रक्कम लागत नाही. शेअर बाजारात एक शेअरही घेता येतो. एका शेअरच्या सौद्यातही लोभ, भीती, पश्चात्ताप यांची ओळख होते, फक्त फी कमी पडते. एफ अँड ओमध्ये मात्र ठरावीक लॉट घ्यावाच लागतो, त्यामुळे तिथे चुकीची किमान किंमतच मोठी असते. शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करू नये, याचे उत्तर त्यातच आहे.

करांचा हिशेबही आधी समजून घ्यावा. इंट्राडेचा नफा-तोटा सट्टा व्यवसायात आणि एफ अँड ओचा इतर व्यवसायात धरला जातो. इंट्राडेचा तोटा अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही, तो फक्त अशाच नफ्यातून पुढील चार वर्षे वजा होतो. त्यासाठीही विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते.

आणि काही खुणा दिसल्या की शिकणे थांबून व्यसन सुरू झाले, असे समजावे. ट्रेडिंगसाठी कर्ज काढणे, घरच्यांपासून तोटा लपवणे, गेलेले पैसे त्याच दिवशी वसूल करण्यासाठी सौद्याचा आकार वाढवणे, रात्री झोप न लागणे, या त्या खुणा. अशा वेळी अ‍ॅप बंद करून घरातल्या एका तरी माणसाला खरा आकडा सांगावा. मानसिक त्रास होत असेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

ट्रेडिंग करायचे की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण करायचेच ठरले, तर पहिल्या वर्षासाठी गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशी एक रक्कम ठरवावी आणि ती ‘फी’ म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. ती संपली की थांबायचे आणि वही वाचायला घ्यायची.